मुलांना (आणि सासूबाईंना) घेऊन शियामेन, चीन: कोणी गेलंय का?

पोहेवाली | ३ सप्टेंबर २०२५
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नवऱ्याला दिवाळी झाली की आठवडाभर शेनझेनला कामाला जायचंय. मुलांना सुट्टी असणारच, म्हणून असं ठरतंय की त्याचं काम उरकत आलं की आम्ही मागाहून जायचं आणि तिथूनच चार-पाच दिवस समुद्रकाठचं एखादं शहर बघायचं. त्याच्या ऑफिसमधल्या एका चिनी बाईने शियामेन सुचवलं, मी तर नावही ऐकलं नव्हतं. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा, आणि बरोबर सासूबाई. सासूबाई शाकाहारी, शिवाय चातुर्मासात कांदा-लसूण नाही, म्हणजे कार्तिकी एकादशीपर्यंत नाहीच. मुलगा वरण-भात-तूप सोडून बाकी सगळ्या अन्नाकडे संशयाने बघतो. माझ्या आईने फोनवर "तिकडे काय झुरळं खाणार का" असं विचारून झालंय.

तर व्हिसा, खाणं, किती दिवस पुरतील, ५ वर्षांच्या मुलाला चालवेल का, जे माहीत असेल ते सांगा. हॉटेलं बुक करायचीत म्हणून जरा घाई आहे.

रिकामटवळा | ३ सप्टेंबर
आधी उच्चार. "श्यामन" म्हणा, म्हणजे निदान टॅक्सीवाल्याला कळेल. जुन्या नकाशात हेच अमॉय. इंग्रजांनी पहिल्या अफूच्या युद्धानंतर १८४२ च्या नानकिंगच्या तहात जी पाच बंदरं उघडून घेतली त्यातलं एक. ती अफू आपल्या मुंबईतून पण जायची, माळव्याची. बाकी तिथल्या बोलीत चहाला "ते" म्हणतात, त्याचंच इंग्रजांचं "टी" झालं, आणि आपल्याकडे आला तो "चा", म्हणून आपण चहा. सासूबाईंना सांगा, चहाच्या एका नावाच्या माहेरी चाललोय.

चिंचगूळ | ३ सप्टेंबर
चीनलाच पैसे का द्यायचे? आपल्याकडे तारकर्ली आहे, दापोली आहे. मुलांना समुद्रच दाखवायचाय ना?

झिपरी | ३ सप्टेंबर
@चिंचगूळ तिचा नवरा तिथे कामाला चाललाय, दापोलीला नाही. वेगळा धागा काढा की.

उकडीचा_मोदक | ४ सप्टेंबर
शेनझेनमध्ये सहावं वर्ष. शियामेनला तीनदा जाऊन आलोय, दोनदा मुलांसकट. बिनधास्त जा, मुलांसाठी चीनमधलं माझं सगळ्यात आवडतं शहर हेच. सुचेल तसं लिहितो.

व्हिसा: फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग व्हिसा सेंटरला जायचं. १४ च्या आतल्या मुलांचे बोटांचे ठसे लागत नाहीत. हाँगकाँगमार्गे येणार असाल तर तिथलं ऑनलाइन पूर्वनोंदणीचं प्रकरण आहे, फुकट आहे पण प्रत्येक पासपोर्टचं वेगळं करायचं, मुलांचं पण, हे लोक हमखास विसरतात आणि मग मुंबईच्या चेक-इनला रडारड. हाँगकाँगच्या वेस्ट काउलून स्टेशनमध्येच चीनचं इमिग्रेशन होतं, एकदा शिक्का बसला की सुटलात. शेनझेन नॉर्थवरून शियामेन बुलेट ट्रेनने साधारण चार तास. मुलाला सहा पूर्ण झाली नसतील तर वेगळी सीट न घेता एका मोठ्या माणसामागे एक मूल फुकट, मुलीचं निम्मं तिकीट (६ ते १४). पूर्वी हे उंचीवर होतं, २०२३ पासून वयावर आलंय. पण मी सांगतो, पाच वर्षांच्या पोराला चार तास मांडीवर घेऊ नका, त्याची पण सीट घ्या.

एक इशारा, शियामेनहून फेरीने अर्ध्या तासात किनमेन बेट, हॉटेलवाले सुचवतील. ते तैवानच्या ताब्यात आहे. गेलात तर चीनमधून बाहेर पडलात असा अर्थ होतो, तैवानचा व्हिसा वेगळा आणि परत यायला चीनची दुसरी एंट्री लागेल. त्या वाटेला जाऊ नका, लांबून बघा.

पैसे: रोख जवळपास कोणी वापरत नाही. अलीपे फोनवर टाकून आपलं क्रेडिट कार्ड जोडा, भारतातूनच जोडून या, तिथे येऊन ओटीपीची वाट बघत बसू नका. २०० युआनच्या आतल्या खरेदीला जादा आकार नाही, वर गेलं की ३ टक्के. त्यामुळे मोठ्या बिलाचे दोन तुकडे करून द्या असं दुकानदाराला सांगणारे आपले बांधव मी पाहिलेत. गूगल, व्हॉट्सॅप तिथल्या वायफायवर चालत नाही, भारतातलं रोमिंग किंवा बाहेरचं ई-सिम घेतलं तर चालतं.

खाण्यावर रात्री लिहितो, मीटिंग आहे.

पोहेवाली | ४ सप्टेंबर
मोदकराव देवासारखे धावून आलात! पूर्वनोंदणीचं खरंच माहीत नव्हतं.

उकडीचा_मोदक | ४ सप्टेंबर
तर खाणं. तुमच्या सासूबाईंची अट ऐकून मला उलट हायसं वाटलं. चीनमध्ये नुसतं "शाकाहारी" म्हटलं तर गोंधळ होतो, भाजीत डुकराचा खिमा "चवीपुरता" पडतो आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. पण बौद्ध शाकाहार म्हटलं की सगळं स्वच्छ होतं, त्यात मांस-मासे-अंडं नाहीच, वर कांदा-लसूण पण नाही. म्हणजे आपला चातुर्मासच. शियामेन युनिव्हर्सिटीला लागून नानपुतुओ नावाचं मोठं देऊळ आहे, देवळाचंच शाकाहारी उपाहारगृह आहे, प्रसिद्ध आहे. तिथे "अर्धा चंद्र नदीत बुडाला" अशा नावाची डिश मिळते, काळ्या मशरूमचा अर्धा चंद्र आणि गव्हाच्या ग्लुटेनचे गोळे पातळ रश्शात. सासूबाईंना नावासाठी तरी मागवा. बाहेर कुठेही "वो छ्र सू" म्हणायचं, मी शाकाहारी. आणि फोनवर चिनीत लिहून ठेवा: मांस नको, मासे नको, ऑयस्टर सॉस नको, कांदा-लसूण नको. बोलण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

मुलासाठी: वाफेवरचा भात सगळीकडे. तूप न्या. मेतकूट न्या. गरम पाणी तर स्टेशनवर, ट्रेनमध्ये, हॉटेलात फुकट, कारण ते लोक गारच पीत नाहीत, त्यामुळे रेडी-टू-ईट वरणाची पाकिटं सहज जमतात. माझ्या पोराने अख्खा प्रवास मेतकूट-भातावर काढला होता.

एक सावधगिरी. "थू सुन तुंग" नावाचा पदार्थ दिसेल, पारदर्शक जेलीच्या वड्या, गाडीवर छान मांडलेल्या. नावाचा अर्थ "मातीतला बांबूचा कोंब" वगैरे होतो आणि भाषांतराचं ॲप बांबूच दाखवतं. बांबू नाही. वाळूतला किडा आहे तो.

झिपरी | ४ सप्टेंबर
बाई गं. आईचा फोन खरा ठरणार होता.

सिंगापुरी_काकू | ५ सप्टेंबर
आम्ही सिंगापूरहून गेलो होतो, नातवंडांना घेऊन. एक गोष्ट कोणी सांगणार नाही म्हणून सांगते. मेट्रोची १ नंबर लाइन घ्या आणि जीमेइच्या बाजूला जा. मुख्य बेटावरून पलीकडे जाताना गाडी समुद्रातल्या बांधावरून जाते, दोन्हीकडे पाणी. नातू काचेला नाक लावून उभा. आम्ही दोनदा गेलो आणि दोनदा आलो, कुठेही न उतरता, तिकीट किती तर चहापेक्षा स्वस्त. जीमेइ हे तान का की यांचं गाव. सिंगापूरला त्यांच्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे म्हणून आम्हाला नाव ओळखीचं. रबराच्या धंद्यात पैसा केला आणि गावाकडे शाळा काढल्या, १९२१ ला शियामेन युनिव्हर्सिटी काढली. स्वतःचा धंदा बसला तरी युनिव्हर्सिटीला पैसे पाठवत राहिले. आपल्याकडच्या कर्मवीरांची आठवण होते.

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? देवळाच्या मागच्या डोंगरावर पायऱ्या आहेत, त्यांना खालीच तळ्याकाठी बसवा, कासवं आहेत. आणि संडासात टिश्यू नसतो, जेट स्प्रे तर नाहीच. एक छोटी पाण्याची बाटली पर्समध्ये ठेवायची, समजून घ्या.

पोहेवाली | ५ सप्टेंबर
काकू, मनातला प्रश्न होता, विचारायला लाजत होते :)

तोफखाना | ६ सप्टेंबर
हुलीशान किल्ला चुकवू नका. चिंग राजवटीच्या शेवटच्या काळातला, १८९० च्या दशकातला, त्यावर जर्मनीहून आणलेली क्रुप कंपनीची प्रचंड किनारी तोफ जागच्या जागी आहे. किल्ल्यावरून तैवानच्या ताब्यातली छोटी बेटं दिसतात, दुर्बिणी लावलेल्या असतात. मुलांना गोष्ट सांगायची तर ही सांगा: १९५८ च्या ऑगस्टमध्ये इथून किनमेनवर तोफा सुरू झाल्या आणि पुढे तो मारा चक्क दिवसाआड चालायचा, विषम तारखेला तोफा, सम तारखेला सुट्टी. तेही उत्तर द्यायचे. नंतर नंतर गोळ्यांतून पत्रकंच पडायची. थांबलं १ जानेवारी १९७९ ला. किनमेनमध्ये त्या गोळ्यांच्या पोलादाच्या सुऱ्या करून विकतात. आता किनाऱ्यावरच्या रस्त्याला बेटाकडे तोंड करून भल्यामोठ्या लाल अक्षरांची पाटी आहे, "एक देश, दोन व्यवस्था", आणि तिच्यासमोर लोक लग्नाचे फोटो काढतात.

रिकामटवळा | ६ सप्टेंबर
दिवसाआड तोफ. आमच्या सोसायटीच्या पाण्यासारखं.

घाटमाथा | ६ सप्टेंबर
तुलोउ बघितल्याशिवाय येऊ नका! मातीच्या गोल किल्ल्यासारख्या इमारती, अख्खं घराणं एका वर्तुळात राहायचं, २००८ पासून जागतिक वारसा. शियामेनहून दिवसभरात होतं.

उकडीचा_मोदक | ६ सप्टेंबर
@घाटमाथा इमारती अप्रतिम, वाद नाही. पण जायला-यायला पाच-सहा तास रस्ता, त्यात घाटाची वळणं. पाच वर्षांचं पोर आणि सासूबाई घेऊन एका दिवसात? मी केलंय, मोठ्या पोराने दोनदा ओकारी काढली आणि मी इमारतीपेक्षा पिशवीच जास्त बघितली. चार दिवसच असतील तर सोडा.

घाटमाथा | ६ सप्टेंबर
असं केलं तर मुलं बघणार काय, फक्त वाळू?

उकडीचा_मोदक | ६ सप्टेंबर
हो. दोन दिवस फक्त वाळू. लागतात.

उकडीचा_मोदक | ९ ऑक्टोबर
धागा वर काढतो. परवा सुट्टीत परत शियामेनला होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोणीही जाऊ नका, राष्ट्रीय सुट्टी आणि मध्य-शरद सण एकत्र आले होते, गर्दी म्हणजे दादर स्टेशन. तुमची तारीख नंतरची आहे ते उत्तम. जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस, तेही टळले.

पण एक मजा. या वर्षी ६ ऑक्टोबरला त्यांचा मध्य-शरद आणि आपली कोजागिरी एकाच रात्री. आम्ही लॉजच्या मालकिणीकडे आटवलेलं दूध केलं आणि तिने आम्हाला "पो पिंग" खेळायला बसवलं. हा खेळ शियामेनचा. चिनी मातीचा मोठा वाडगा, सहा फासे. चिनी फाशांवर एक आणि चारचे ठिपके लाल असतात, बाकी काळे. सगळे फासे एकदम वाडग्यात टाकायचे आणि चौके मोजायचे. एक चौका आला तर छोटं बक्षीस, दोन आले तर त्याहून मोठं, चार चौके आले तर तुम्ही "च्वांग-युआन", म्हणजे जुन्या राजदरबारी परीक्षेत देशात पहिले आलेले. बक्षिसं एकूण ६३, पूर्वी मूनकेक असायचे, आता साबण, टूथपेस्ट, टॉवेल, तेलाची बाटली. फासा वाडग्याबाहेर उडाला की डाव गेला. म्हणे कोशिंगा नावाच्या सेनापतीच्या सैनिकांना घरची आठवण येऊ नये म्हणून निघाला, सतराव्या शतकात. खरंखोटं तो जाणे. पण तो आवाज! पूर्ण गल्लीभर प्रत्येक घरातून वाडग्यात फासे पडल्याचा खणखणाट. माझ्या बायकोला सात टूथपेस्ट मिळाल्या.

पोहेवाली | ९ ऑक्टोबर
आमचं सगळं बुक झालं. हाँगकाँगमार्गे. आत्ता कळतंय की २६ तारखेपासून कोलकाता-ग्वांगझो थेट विमान सुरू होतंय, म्हणजे आम्ही दोन दिवसांनी चुकलो. असो.

पोहेवाली | ५ नोव्हेंबर
आलो! कपडे अजून मशीनमध्ये आहेत पण आधी इथे लिहिते, नाहीतर राहून जाईल. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

व्हिसा, पूर्वनोंदणी, अलीपे सगळं मोदकरावांनी सांगितल्याप्रमाणे, एकाही ठिकाणी अडलं नाही. मेट्रोत शिरताना प्रत्येक वेळी बॅग तपासतात आणि पाण्याची बाटली दिसली की एक घोट पिऊन दाखवायला लावतात. मुलाला हे इतकं आवडलं की तो गार्ड दिसला की लांबूनच बाटली उघडून घोट घ्यायचा आणि "बघ" म्हणायचा, मराठीत. गार्ड हसायचे.

पहिली चूक आमचीच. कुलांगयू बेटाला जायचं (गाड्या नाहीत, सायकलीसुद्धा नाहीत, २०१७ पासून जागतिक वारसा), तर आम्ही थाटात जोंगशान रस्त्याच्या टोकाच्या धक्क्यावर, कारण तिथून बेट समोरच दिसतं, हात लांब केला तर लागेल असं. तिथे कळलं की दिवसा तो धक्का स्थानिक लोकांचा, पर्यटकांनी क्रूझ सेंटरजवळच्या धक्क्यावरून जायचं, पासपोर्ट दाखवून काढलेलं वेळेचं तिकीट घेऊन. टॅक्सी, परत रांग, सगळ्यांची तोंडं उतरलेली. ज्यांना जायचंय त्यांनी आदल्या दिवशीच ऑनलाइन तिकीट काढा, बेटावर रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे. फेरी वीसेक मिनिटांची.

पण बेट! जुने बंगले, वडासारखी झाडं, त्यांच्या पारंब्या भिंतींवरून खाली, थेट आपल्या कोकणातल्या जुन्या वाड्यांचा वास, ओल्या चुन्याचा. गाड्या नाहीत म्हणजे मुलाचा हात सोडता येतो, हे सुख मला पुण्यात दहा वर्षांत मिळालेलं नाही. पियानोचं संग्रहालय आहे, मुलगी की-बोर्ड शिकते म्हणून नेलं, तिला वाटलं वाजवायला मिळेल, नाही मिळालं, फुगून बसली. मग एका छोट्या बागेत डॉक्टर लिन छ्याओजी यांचा पुतळा दिसला. १९०१ ला याच बेटावर जन्मल्या, बाळंतपणाच्या डॉक्टर झाल्या, लग्न केलं नाही, पन्नास हजारांवर बाळं त्यांच्या हातून जन्माला आली असं म्हणतात. सासूबाई स्वतः नर्स होत्या, तीस वर्षं जिल्हा रुग्णालयात. त्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, मग पर्समधून एक राजगिऱ्याची वडी काढून कठड्यावर ठेवली. मी म्हटलं आई, इथे असं ठेवत नाहीत. म्हणाल्या, "असू दे गं, बाळंतपणाच्या ड्युटीवर खायला कुणाला वेळ असतो."

डोंगरावरच्या मोठ्या खडकावर आम्ही गेलोच नाही. पायऱ्या बघूनच मागे फिरलो, आणि आईसफ्रूट खाल्लं.

नानपुतुओच्या उपाहारगृहात "अर्धा चंद्र" मागवला. सासूबाईंचं मत: "मीठ कमी, पण मन लावून केलंय." मुलगा भात आणि मेतकूट, चार दिवस. बाहेर तो फक्त एकाच गोष्टीला बधला, शेंगदाण्याचं गोड सूप. शेंगदाणे इतके शिजवलेले की जिभेवर विरतात, पांढरं दुधासारखं पाणी, गरम, त्यात तळलेला लांबट पाव बुडवायचा. सासूबाई म्हणाल्या ही तर आपली दाण्याची आमटी, नुसतं जिरं-मिरची घालायची विसरलेत. आणि हो, त्या किड्याच्या जेलीच्या गाडीसमोर मुलगी थांबली आणि ॲप धरून "आई, बांबू!" म्हणाली. मोदकराव, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

काकू, जीमेइची मेट्रो तीनदा केली. हुलीशानची तोफ बघून मुलाचं म्हणणं "आपली कलाल बांगडी मोठी", गेल्या वर्षी जंजिऱ्याला गेलो होतो त्याचा परिणाम. कोण मोठी ते तोफखाना सांगतील.

बाकी दोन दिवस खरंच फक्त वाळू. चिनी मुलं छोटी फावडी घेऊन शिंपले उकरत होती, आमची दोघं त्यात मिसळली, भाषा शून्य, भांडण मात्र व्यवस्थित झालं, बादलीवरून. मुलाच्या कुरळ्या केसांना हात लावून जाणाऱ्या आज्या खूप, दुसऱ्या दिवसापासून तो टोपी घालायला लागला. "इंदू?" (म्हणजे भारत का) विचारायचे, हो म्हटलं की "आमिर खान!" नवऱ्याने एकाला डॉ. कोटणीसांचं नाव सांगून बघितलं, त्यांचं चिनी नाव ख दी-ह्वा पाठ करून गेला होता. तरुण पोराला कळलं नाही, पण चहाच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला कळलं. त्याने आम्हाला बसवून अंगठ्याएवढ्या कपांतून चहा पाजला, संपला की परत ओतायचा, संपला की परत. दोन बोटं टेबलावर ठोकली की धन्यवाद, हे त्याने मुलांना शिकवलं. आता घरी वरण वाढलं तरी दोघं टेबल ठोकतात.

सिंगापुरी_काकू | ५ नोव्हेंबर
राजगिऱ्याची वडी वाचून डोळ्यांत पाणी आलं हो.

तोफखाना | ५ नोव्हेंबर
हुलीशानची नव्या जमान्याची, पोलादी, मागून गोळा भरायची. कलाल बांगडी पंचधातूची, तोंडातून भरायची. मुलाला सांगा, तुलना बाद, पण बाजू बरोबर घेतलीस.

झिपरी | ६ नोव्हेंबर
आणि फासे? आणलेस की नाही?

पोहेवाली | ६ नोव्हेंबर
आणले ना. वाडगा हँडबॅगेत, सासूबाईंच्या शालीत गुंडाळून, हाँगकाँगच्या तपासणीत तीनदा उघडायला लावला. काल त्रिपुरी पौर्णिमेला पणत्या लावल्या आणि खाली बसून खेळलो. बक्षिसं म्हणजे घरातलेच साबण आणि राहिलेल्या चकल्या. मुलाला चार चौके आले. आता तो स्वतःला देशात पहिला म्हणतोय आणि बालवाडीच्या बाईंनापण सांगून आलाय.

घाटमाथा | ६ नोव्हेंबर
आम्ही मार्चमध्ये जायचं म्हणतोय, तुलोउ धरून. हवा कशी असेल?

उकडीचा_मोदक | ६ नोव्हेंबर
मार्च-एप्रिल धुकं आणि पिरपिर पाऊस, किनमेन वगैरे काही दिसणार नाही. नोव्हेंबर-डिसेंबर बघा जमतंय का. आणि ओकारीच्या गोळ्या घ्या.